गाडीला एक्स्ट्रा लाइट लावताय? आधी वायर बघा, मग वॅट

या पावसाळ्याआधी आमच्या ग्रुपमधल्या तिघांनी बाइकला एक्स्ट्रा लाइट लावायचं ठरवलं आणि तिघांनीही मला फोन करून एकच विचारलं, "किती वॅटचे घेऊ भो?" प्रत्येकाला तासभर तेच तेच सांगून घसा बसला म्हणून आता एकदाच लिहून टाकतो. मी काय ऑटो इलेक्ट्रिशियन नाही, पण माझ्या रॉयल एनफिल्डच्या साडेतीनशे सीसीच्या क्लासिकवर आत्तापर्यंत तीनदा लाइट लावलेत, दोनदा काढून ठेवलेत आणि एकदा वायर जाळून घेतलीये, तेवढ्या अनुभवावर बोलतोय.

वायर जळल्याचं आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरूनच शिकलो. भंडारदऱ्याहून घोटीमार्गे परत येत होतो, रात्रीचे दहा वाजले असतील, रिमझिम पाऊस, आणि एकदम प्लॅस्टिक जळल्याचा वास यायला लागला. मला वाटलं बाजूला कुणी कचरा पेटवलाय. वास काही मागं पडेना, माझ्याबरोबरच चालला होता. मग टाकीच्या पुढून बारीक धूर दिसला आणि हेडलाइट गेला. गाडी कडेला घेतली, बॅटरीची वायर उपटताना बोट भाजलं ते वेगळंच. झालं काय होतं, तर लाइट बसवून देणाऱ्या दुकानवाल्याने बॅटरीच्या प्लसवरून डायरेक्ट वायर काढून हँडलच्या बटणातून लाइटला दिली होती. मध्ये ना फ्यूज (करंट वाढला की स्वतः जळून लाइन तोडणारा), ना रिले (बटणाच्या थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). ती वायर हँडलच्या मानेपाशी फ्रेमवर घासत होती, सहा महिन्यांत कव्हर सोललं, तांबं बॉडीला टेकलं आणि शॉर्ट झालं. फ्यूजच नव्हता म्हटल्यावर थांबवणार कोण, ती वायर तापून वितळली आणि जाताना शेजारची हेडलाइटची वायरपण घेऊन गेली. घोटीपर्यंत मित्राच्या टेललाइटमागं इंडिकेटर लावून कसाबसा आलो. एक्स्ट्रा लाइट लावलेली गाडी आणि आहे तो लाइटपण बंद, काय बोलणार.

लाइट पाहिजे कशाला हे आधी ठरवा

बहुतेकांना वाटतं लाइट म्हणजे लांबवर दिसायला. आपल्या नाशिककडच्या रस्त्यांवर घात लांबचं करत नाही, कडेचं करतं. पहाटे साडेचार-पाचला पिंपळगाव नाहीतर लासलगावच्या बाजूला गेलाय का कधी? कांद्याने भरलेले ट्रॅक्टर मार्केटला निघालेले असतात, ट्रॉलीला ना टेललाइट ना रिफ्लेक्टर, मागच्या फळीचा रंग कधीच उडालेला, आणि चालणार वीसच्या स्पीडने. सिन्नरच्या अलीकडं मोहदरी घाटात ट्रक बंद पडला की ड्रायव्हर मागं दगड लावतो आणि ट्रक चालू झाला की दगड तिथंच सोडून निघून जातो. त्र्यंबकवरून मोखाडा-जव्हारला निघालात तर वळणावळणावर रस्त्याची कड पावसाने खाल्लेली. यातलं एकही दोनशे मीटरवर नसतं, सगळं तुमच्या पुढ्यातल्या पन्नास-साठ मीटरमध्ये, डाव्या हाताला.

थोडं गणित करा. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दिसलं, डोक्यात गेलं, हात ब्रेकवर आला यात दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथंच संपले, आणि कोरड्या रस्त्यावर नीट ब्रेक मारला तरी पुढं अजून चाळीसेक मीटर लागतात. म्हणजे ७५ मीटर झाले. काळवंडलेली ट्रॉली लो बीममध्ये, म्हणजे हेडलाइटच्या खाली वळवलेल्या उजेडात, एवढ्या लांबून दिसतच नाही. ओल्या रस्त्यावर तर विचारूच नका. त्यामुळं लाइट लावल्यावरही रात्री ऐंशी मारायचा विचार करू नका, मी लाइट लावून साठ-पासष्टने जायला लागलो आणि तेव्हा कुठं मला लाइटचा खरा उपयोग कळला.

आता बीमचं. बाजारात ढोबळपणे तीन प्रकार मिळतात. स्पॉट, म्हणजे उजेड एका बारीक झोतात लांब फेकणारा. फ्लड, म्हणजे दोन्ही बाजूंना पसरवणारा. आणि खरा फॉग लाइट, ज्याचा उजेड रुंद आणि बसका असतो आणि वरच्या बाजूला सुरीने कापल्यासारखा सरळ कट असतो. तो कट महत्त्वाचा आहे, कारण त्याच्यामुळं समोरच्याच्या डोळ्यात उजेड जात नाही. एकच जोडी घ्यायची असेल तर कट असलेला रुंद बीमच घ्या. स्पॉट चांदवडच्या पुढं मालेगावकडं मोकळ्या हायवेला मस्त वाटतो, पण समोरून गाडी आली की बंदच करावा लागतो, मग वर्षातून किती वेळा वापरणार ते तुमचं तुम्ही बघा.

पिवळा का पांढरा यावर तर लोक भांडतात. पिवळा उजेड धुकं कापत जातो असं सगळे म्हणतात, पण धुक्याचे थेंब उजेडाच्या वेव्हलेंथपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यांना पिवळं काय न् पांढरं काय, सगळं सारखंच परत फेकतात. मग कसारा घाटात ऑगस्टमध्ये पिवळा बरा का वाटतो? कारण थंड पांढऱ्या, म्हणजे ६००० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) एलईडीमध्ये निळा भाग जास्त असतो आणि तो डोळ्याला जास्त टोचतो, पिवळ्यात, म्हणजे ३००० केल्विनच्या आसपास, तो त्रास कमी. ओल्या डांबरावरपण पिवळ्यात खड्ड्याची कड मला जास्त नीट कळते. पण धुक्यात खरा फरक रंगाने नाही पडत, लाइट कुठं बसवलाय त्याने पडतो, ते खाली येतंच आहे. मी पिवळाच वापरतो. दोन्ही रंग एकातच असलेले ड्युअल कलरवाले पण मिळतात, पण त्यात उजेडाचा कट नीट आहे का ते आधी भिंतीवर मारून बघा.

वॅटचा बाजार

तळहातावर मावेल एवढा लाइट आणि खोक्यावर छापलेलं ३०० वॅट. अरे, ३०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर २५ अँपिअर झाले, एवढे त्या सुतळीएवढ्या वायरमधून जातील तरी का? सातपूरला एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये आम्ही एकदा मोजलंच. खोक्यावर १२० वॅट, मल्टिमीटर लावला तर एका लाइटने १.७ अँपिअर घेतले, १३ व्होल्टच्या सप्लायवर. गुणाकार करा, २२ वॅट. आणि गंमत म्हणजे तो २२ वॅटचा लाइट तसा वाईट नव्हता, नीट बसवला असता तर पुरला असता. खोटं खोक्यावर होतं.

मोजायचं असेल तर मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर लाइटच्या वायरच्या मध्ये, सिरीजमध्ये लावा. चुकून तसाच मीटर बॅटरीच्या प्लस-मायनसला टेकवलात तर मीटरचा फ्यूज नाहीतर मीटरच गेला समजा. दुकानात घेताना एवढं जमत नाही, तिथं लाइट हातात घेऊन वजन बघा. एलईडी गरम होतो आणि ती गरमी बाहेर जायला मागं ॲल्युमिनियमच्या जाड पाकळ्या लागतात. हलका खुळखुळा असेल तर ठेवून द्या. आयपी रेटिंग, म्हणजे धूळ-पाणी किती अडवतं त्याचा आकडा, बघा, आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला पाहिजे. पण वॉशिंगवाला प्रेशरचा पाइप एकदम जवळून मारतो, त्याची टेस्ट वेगळी असते, म्हणून धुताना लाइटच्या काचेच्या कडेला पाइप धरू देऊ नका.

ब्रँडचं म्हणाल तर हेला, पिया, डेनाली बाहेरचे आणि महाग, आणि आपल्याकडं मॅडडॉग, फ्यूचर आइज, एचजेजी अशी नावं चालतात. कुठलंही घ्या, बिल घ्या आणि वॉरंटी लिहून घ्या. मी म्हणेन एका लाइटला खरे २० वॅट, दोन मिळून ४०, साडेतीनशे-चारशे सीसीच्या गाडीला एवढे भरपूर झाले. बजेट कमी असेल तर लाइटमध्ये वाचवा, वायरिंगमध्ये नको.

गाडी एवढं ओढेल का, हेपण बघायला पाहिजे. इंजिनमधली कॉइल ठरावीकच करंट बनवते, त्यातलाच हेडलाइटला जातो (जुना एच-४ हॅलोजन असेल तर ५५-६० वॅट तोच खातो), इंजेक्शनची गाडी असेल तर फ्युएल पंप आणि ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) जातो, उरलासुरला बॅटरीला. १ एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना हेडलाइट बंद करायचं बटणच नसतं, म्हणजे तो खर्च कायमचा. सोपी टेस्ट सांगतो. गाडी बंद असताना बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. गाडी चालू करा, थोडी रेस द्या, १३.५ ते १४.५ च्या मध्ये दिसेल. आता नवे लाइट तात्पुरते बॅटरीला जोडून परत तेवढ्याच रेसवर बघा. १३.२-१३.३ च्या वर राहिलं तर बिनधास्त. १२.८ च्या खाली आलं तर बॅटरी भरत नाहीये, रिकामी होतेय, आणि तुमची गाडी तीन दिवसांच्या टूरवर तिसऱ्या सकाळी सेल्फ मारणार नाही.

बसवायचं कुठं

धुक्यात नाहीतर जोराच्या पावसात लाइट डोळ्यांच्या जवळ असेल तर थेंबावरून परत येणारा उजेड सरळ तुमच्याच डोळ्यात येतो आणि समोर दुधाची भिंत उभी राहते. लाइट जेवढा खाली आणि बाजूला तेवढा तो परत येणारा उजेड तुमच्या नजरेच्या बाहेर राहतो. म्हणून आरशाच्या दांडीवर क्लॅम्प मारून लावायची जी फॅशन आहे ती मला अजिबात पटत नाही, दिसायला टँक आणि धुक्यात आंधळा.

लेग गार्डवर लावणं सगळ्यात सोपं. खाली असतं, रुंद असतं, हवा लागते म्हणून गार राहतं. तोटा हा की गाडी आडवी झाली की पहिला मार लाइटलाच, म्हणून गार्डच्या बाहेरच्या कडेला नका लावू, आतल्या बाजूला इंजिनकडं सरकवून लावा. गार्ड स्वतःच ढिला असेल तर लाइट डिस्कोसारखा नाचतो, आधी गार्डचे बोल्ट आवळा. दुसरी जागा म्हणजे फोर्कवर, पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर. तिथं लावला की हँडल वळेल तसा उजेडपण वळतो, घाटातल्या वळणाला ते छान वाटतं. पण हँडल पूर्ण डावीकडं-उजवीकडं वळवून बघायचं, लाइट टाकीला लागतोय का, ब्रेकची नळी दाबतोय का, आणि पुढचा सस्पेन्शन पूर्ण दाबून बघायचा की मडगार्ड वर येऊन आपटत नाही ना. लिक्विड कूल गाडी असेल तर रेडिएटरसमोर लाइट आणू नका. इंडिकेटर झाकला जाऊ देऊ नका.

क्लॅम्प घेताना तुमच्या पाइपचा व्यास मोजून घ्या. व्हर्नियर नसेल तर पाइपला दोरा गुंडाळा, दोऱ्याची लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. क्लॅम्पच्या आत रबर पाहिजे, नसेल तर जुन्या ट्यूबची पट्टी कापून घाला, पकड पण येते आणि पावडर कोटिंग पण खरवडत नाही. रेडिमेड ब्रॅकेट बसत नसेल तर आपल्याला टेन्शन नाही, सातपूर-अंबडला एमआयडीसीमध्ये पुठ्ठ्याचा नमुना कापून दिला की ३ एमएमच्या पत्र्यातून लेझर कटिंग करून, बेंड मारून देतात. पुठ्ठा मात्र गाडीवर नीट धरून, मार्किंग करून कापा, मी पहिल्यांदा घरी बसून अंदाजाने कापला आणि भोकं आठ एमएम चुकली.

नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले वापरा. सिंगल सिलिंडर गाडी साधा नट दोनशे किलोमीटरमध्ये ढिला करते. बोल्टला निळा थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा गोंद) लावा, लाल नको, लाल लावला की परत काढताना रडाल. आणि एक घरगुती उपाय, नट पूर्ण आवळून झाला की नटावरून ब्रॅकेटवर येईल अशी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढायची. नट एवढासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, पाना काढायची गरज नाही. बायकोने विचारलं की बाटली कुठं गेली तर ते तुमचं तुम्ही निस्तरा.

वायरिंग, इथं घाई करू नका

हँडलवरच्या बटणातून लाइटचा पूर्ण करंट न्यायचा नाही. बटणाने फक्त रिलेला सांगायचं आणि रिलेने बॅटरीवरून लाइटला करंट द्यायचा. तो काळा चौकोनी चार पायांचा रिले कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, १२ व्होल्ट ३० नाहीतर ४० अँपिअरचा. पायांवर नंबर असतात. ३० ला बॅटरीचा प्लस, फ्यूजमधून आलेला. ८७ वरून लाइटचा प्लस. ८६ ला बटणाकडून येणारी वायर. ८५ ला अर्थ. पाच पायांचा दिला तर मधला ८७-ए रिकामा सोडा आणि त्यावर टेप मारा, तो रिले बंद असताना चालू असतो. रिले घेताना त्याचा सॉकेटपण घ्या, पायांवर सुट्टे कनेक्टर खुपसले की पावसात हिरवे होतात.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ पाहिजे, वीतभर अंतरात. कारण फ्यूजच्या आधीची जेवढी वायर आहे तिला कुणीच वाली नसतो, माझ्या बाबतीत तर अख्खी वायरच तशी होती. किती अँपिअरचा? दोन लाइट मिळून खरे ४० वॅट असतील तर ४० भागिले १२, सव्वातीन-साडेतीन अँपिअर, म्हणजे ५ चा फ्यूज. खरे ८० वॅट असतील तर पावणेसात, म्हणजे १० चा. फ्यूज उडतोय म्हणून १५ चा नाहीतर चंदेरी कागद गुंडाळून बसवू नका, तो काहीतरी सांगत असतो.

वायर तांब्याची, १ स्क्वेअर एमएम ४० वॅटला पुरते, जास्त असेल तर दीड. बारीक वायरीत काय होतं, तर जाता-येता मिळून चार मीटर वायर धरली आणि पावणेसात अँपिअर वाहत असतील तर १ स्क्वेअर एमएममध्ये साधारण अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च होतो, अर्ध्या स्क्वेअर एमएममध्ये जवळजवळ एक. तो कुठं जातो? वायर तापवण्यात. मायनस शक्यतो बॅटरीलाच परत आणा, रंग लावलेल्या फ्रेमला टेकवून अर्थ मिळाला असं समजू नका.

आता बटणाला करंट कुठून द्यायचा. बॅटरीवरून दिला तर गाडी बंद करून चावी काढली तरी लाइट चालू राहू शकतो, सकाळी बॅटरी झोपलेली. म्हणून चावी फिरवल्यावर चालू होणारी वायर शोधायची, पार्किंग लाइट किंवा टेललाइटची सोयीची पडते, रिलेच्या कॉइलला अगदी थोडा करंट लागतो म्हणून मूळ वायरिंगवर लोड येत नाही. फॉगसाठी असं करा. स्पॉट असतील तर त्यांचा ट्रिगर, म्हणजे रिलेला चालू करणारा करंट, हाय बीमच्या वायरवरून घ्या, म्हणजे तुम्ही डिपर खाली केला की स्पॉटपण आपोआप बंद. मी म्हणतो स्पॉट लावणाऱ्याला हे कंपल्सरीच पाहिजे, समोरून गाडी आल्यावर दोन-दोन बटणं शोधत बसायला वेळ कुणाला असतो. एक मात्र, हल्लीच्या काही गाड्यांमध्ये हेडलाइट ईसीयूच्या कंट्रोलखाली असतो, तिथं मूळ वायर सोलून जोडणी केली तर डॅशबोर्डवर एरर येते आणि वॉरंटीवरून सर्व्हिस सेंटरवाल्याशी वाद होतो. अशा गाडीला कप्लर-टू-कप्लर, म्हणजे वायर न कापता मूळ कनेक्टरमध्येच बसणारी तयार हार्नेस (वायरिंगचा जुडगा) घ्या, चार पैसे जास्त जातील.

बटण असं पाहिजे की हातमोजा घालून, न बघता, अंगठ्याने दाबता आलं पाहिजे. हे सांगायचं एक कारण वेगळंच आहे. मे संपता संपता भंडारदऱ्याकडं काजवे बघायला अर्धं नाशिक जातं, आणि झाडाखाली माणसं श्वास रोखून उभी असताना कुणीतरी चारी लाइट पेटवून वळणावरून येतो. सगळं झाड एकदम विझतं. तिथं गावात शिरायच्या आधीच लाइट बंद करत जा रे बाबांनो.

प्रत्यक्ष काम करताना बॅटरीचा मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा, म्हणजे पाना चुकून फ्रेमला लागला तरी ठिणगी नाही. जोड पिळून टेप मारायचा नाही. थिंबल (वायरच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, वरून हीट श्रिंकची नळी सरकवून लायटरने तापवा, आणि नळी वायरमध्ये आधीच ओवून ठेवायला विसरू नका, मी दर वेळी विसरतो आणि जोड परत कापतो. क्रिंप केल्यावर वायर जोरात ओढून बघा, हातात आली तर बरं झालं, रस्त्यात येण्यापेक्षा इथं आली. सगळी वायर काळ्या कॉरुगेटेड पाइपमध्ये घाला आणि मूळ हार्नेसच्या बाजूनेच न्या. हँडलच्या मानेपाशी वायरला सैल वळसा ठेवा, हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवा, गाडी चालू ठेवून वळवा, रेस आपोआप वाढत नाही ना बघा. वाढली तर तुमची वायर ॲक्सिलरेटरची केबल ओढतेय. लाइटच्या कनेक्टरच्या आधी वायर थोडी खाली लोंबती ठेवा म्हणजे पाणी वळणावरून टपकतं, कनेक्टरमध्ये जात नाही. इंजिन आणि सायलेन्सरच्या पाइपपासून चार बोटं लांब.

सेटिंग

एवढं सगळं करून लोक लाइट अंदाजाने वर करून ठेवतात आणि समोरचा शिव्या घालतो. तुमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये भिंत आणि सपाट जमीन बघा. टायरमध्ये हवा बरोबर, टूरला नेता तेवढं सामान बांधलेलं, तुम्ही सीटवर बसलेले, आणि डबल जाणार असाल तर मागचं माणूसपण बसलेलं पाहिजे. कारण मागं वजन आलं की गाडीचं नाक वर होतं आणि उजेडपण वर जातो. गाडी भिंतीपासून साडेसात मीटरवर सरळ उभी करा. लाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा, भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने आडवी रेघ मारा, आणि तिच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी. फॉगचा वरचा कट खालच्या रेघेवर आला पाहिजे. लाइट जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर साडेसात मीटरला १० सेंटिमीटर उतार म्हणजे उजेडाची वरची कड ४५ मीटरवर रस्त्याला टेकते. तेवढा बास आहे. उजव्या लाइटचा झोत सरळ ठेवा, डाव्याचा अगदी थोडा डावीकडं, कडेचा दगड दाखवायला.

मग समोर जाऊन गाडीपासून दहा पावलांवर उभे राहा, कारवाल्याच्या उंचीएवढं वाका आणि स्वतः बघा. डोळे मिटावेसे वाटले तर अजून खाली घ्या. कायद्याचंही हेच म्हणणं आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये लाइट खाली वळवलेला पाहिजे, समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत असं आहे, आणि पुढं स्पॉट लाइट-सर्च लाइट लावायला आरटीओची आधी परवानगी लागते. मुंबई नाक्याला नाहीतर द्वारकेला अडवलं तर "फॉग आहे साहेब" म्हणून चालत नाही. मी शहरात लाइट बंद ठेवतो आणि वरून काळं कव्हर लावतो, त्याने काच पण वाचते. गंगापूर रोडला स्ट्रीटलाइट असताना लाइट लावून फिरणाऱ्यांना काय दाखवायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही.

पहिली शंभर किलोमीटर झाली की परत सगळे नट आणि नेलपॉलिशच्या रेघा बघा, वायर कुठं घासतेय का हात फिरवून बघा, अर्धा तास लाइट चालू ठेवून फ्यूज होल्डर आणि रिलेला हात लावा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर तिथला जोड सैल आहे. काचेत आतून वाफ धरली आणि तासाभरात गेली तर चालतं, थेंब साचले तर सील गेलंय, वॉरंटीत द्या. सीटखाली त्याच अँपिअरचे दोन फ्यूज, एक रिले आणि हातभर वायर टेपने चिकटवून ठेवा. माझ्याकडं ते आहेत, आणि जळालेली ती जुनी वायरपण त्याच पिशवीत आहे, कुणी फ्यूजशिवाय लाइट बसवून देतो म्हणाला की काढून दाखवायला.